चार रस्त्यांची वैरण

नागपूरच्या मानेवाडा चौकातून बेसा रस्त्याला लागलं की आधी दुकानं, मग मंगल कार्यालयं, मग ‘एनए-टीपी, आरएल प्लॉट’चे फलक आणि त्यांच्यामागे अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारती दिसत जातात. बेसा आता पिपळ्यासह नगरपंचायत झालं आहे. बेलतरोडी, घोगली, मनीषनगर यांच्या वस्त्या त्याला येऊन भिडल्या आहेत. तरी मुख्य रस्ता सोडून ले-आउटच्या पाठीमागे शिरलं, तर टिनाच्या छपराखाली तीन-चार संकरित गाई, एखादी म्हैस आणि भिंतीला लावून रचलेली कुटाराची पोती, असे कोठे अजून भेटतात.

मे महिन्यात मी या भागात मुद्दाम हिंडलो. जिथे गायरानाची जागा घरांनी घेतली, विहिरींचं पाणी खाली गेलं आणि पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो, तिथे दोन-चार गाई पाळणारा माणूस त्यांना या दिवसांत काय घालतो आणि ते कुठून आणतो, हे मला पाहायचं होतं. नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतपा तर त्यानंतर, २५ मेच्या सुमारास लागतो.

पहिल्याच कोठ्यात सकाळची धार संपत आली होती. मालक साठीचे, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. चार गाई, त्यातल्या तीन दुभत्या. मी विचारलं, “काकाजी, उन्हाळ्यात दूध किती तुटते?”

“बारा लिटरची गाय आठवर येते जी. पुढं पुढं तर साताचेही वांदे.”

“ढेप वाढवली तर?”

“वाढवून पाह्यलं न. ढेप म्हणजे पैसा. पोट तं कुटारानंच भरावं लागते. अन् कुटारात काय हाये?”

या प्रश्नाभोवतीच उन्हाळ्यातलं सगळं पशुपालन फिरतं. त्यांच्या गव्हाणीत सोयाबीनचं कुटार होतं, त्यात मूठभर तुरीचं, वर गव्हांडा आणि भिजवलेली सरकी ढेप कालवलेली. हिरवा चारा म्हणून बांधावरच्या नेपियर गवताची दहा-बारा कांडकी, तीही चार गाईंत वाटून. चारशे किलोच्या, दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला बारा किलोच्या आसपास कोरडा अंश पोटात जावा लागतो. चांगल्या दिवसांत त्याचा हिशोब असा बसतो: वीस किलो हिरवा चारा, पाच किलो कडबा आणि पाच किलो खुराक. शरीर चालवायला एक-दीड किलो खुराक आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, ही ढोबळ रीत आहे. हिरव्यातला ऐंशी टक्के भाग पाणी असतो, म्हणून वीस किलोतून कोरडा अंश मिळतो जेमतेम चार किलो. मेमध्ये तो वीसचा आकडा दोनवर येतो आणि उरलेली जागा कुटारानं भरली जाते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गाय चारा स्वतः पचवत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले कोट्यवधी सूक्ष्मजीव तो कुजवतात आणि त्यातून तिला ऊर्जा मिळते. या जीवांनाही नत्र लागतं. आहारातली प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची संख्या घटते, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, कप्पा रिकामा होत नाही आणि गाय पुढचा घास घेत नाही. धानाच्या वाळलेल्या तणसात किंवा कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात. बघणाऱ्याला गाईचं पोट टम्म दिसतं, आणि ती आतून उपाशी असते. बरगड्या दिसायला लागतात तेव्हा दूध कधीच तुटलेलं असतं, आणि पुढचं नुकसान त्याहून मोठं होतं. गाय माजावर येत नाही, आली तर उलटते. हिरव्यातून मिळणारं जीवनसत्त्व ‘अ’चं मूळ द्रव्य संपल्याचा फटका वासरालाही बसतो.

काकाजींना मी विचारलं, की कडबा का नाही दिसत.

“ज्वारी कोण पेरते आता? माणसाले राशनात गहू-तांदूळ भेटते. ढोराले कोण देईन?”

विदर्भाच्या चाऱ्याची सगळी कथा मला या उत्तरात सापडली. काळ्या मातीत पूर्वी कापसाबरोबर ज्वारी असायची आणि ज्वारीबरोबर कडब्याच्या गंज्या. पेंड्या शेकड्यानं मोजल्या जायच्या. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. त्यानं धान्य वाढवलं, पण ताट बुटकं केलं. पुढे सोयाबीन आलं आणि ज्वारीच वावरातून बाहेर गेली. कणसात दाणा भरल्यानंतरही ज्वारीचं ताट गोडसर राहतं, गाय ते आवडीनं चघळते. सोयाबीनची पानं काढणीआधीच गळून पडतात. मळणी यंत्रातून उरतं ते खोड आणि शेंगांची टरफलं. नुसतं टाकलं तर गाय हुंगून तोंड फिरवते. ज्वारी गेली तेव्हा धान्याच्या भावाची चर्चा झाली. चाऱ्याचा हिशोब कोणी मांडला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ही गव्हाण कोण भरतं, ते बघायला मी बेसातून निघणारे रस्ते धरले.

पूर्वेला उमरेड रस्ता ओलांडून कुही-मौद्याकडे गेलं की माती आणि पीक दोन्ही बदलतात. इथून धानपट्टा सुरू होतो. मौदा, रामटेक, पारशिवनी या भागाला पेंचच्या कालव्यांचं पाणी आहे, आणि पुढे भंडारा-गोंदिया. उन्हाळ्यात या रस्त्यांवरून नागपूरकडे जाणारी तणसाची वाहनं दिसतात, दोन्ही बाजूंनी फुगलेली, मागचा रस्ता झाकून टाकणारी. तणस हलकं असतं, त्यामुळे वाहनात जागा खूप जाते आणि वजन कमी भरतं. वाहतुकीचा खर्च चाऱ्याच्या किमतीला गाठतो तो यामुळे.

तणसात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, भरपूर असते आणि ऑक्झलेटही. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून तणसावर पोसलेल्या गाईला खनिज मिश्रण द्यावंच लागतं. दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. बेसाच्या कोठ्यांत मी विचारलं तिथे बहुतेकांनी ते ‘गाय आजारी पडली तं देतो’ असं सांगितलं.

तणस सुधारता येतं आणि त्याला फार पैसा लागत नाही. मौद्याजवळ एका वाडीत ते करताना पाहिलं. शंभर किलो कोरड्या तणसाला चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. ताडपत्रीवर तणसाचा थर, त्यावर झारीनं पाणी, पायांनी तुडवणं, पुन्हा थर. शेवटी सगळा ढीग प्लास्टिकनं हवाबंद झाकायचा आणि एकवीस दिवस हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, तो तणसाचे कठीण धागे सैल करतो आणि थोडं नत्रही त्यात राहून जातं. तीन टक्क्यांचं तणस सात-आठ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे पोटातल्या त्या जीवांना हवं तेवढं. उघडल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. तो उडून जाऊ द्यायचा, आणि मगच गव्हाणीत टाकायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे कधीही द्यायचं नाही, आणि युरिया पाण्यात कालवून पाजणं म्हणजे जनावर मारणं आहे. त्या वाडीतल्या बाईंनी युरियाची पिशवी कोठ्यात ठेवलीच नव्हती, घरातल्या वरच्या फळीवर बांधून ठेवली होती. मला ती खबरदारी फार मोलाची वाटली.

दक्षिणेचा रस्ता ढेपेचा. वर्धा रोडनं जामठा, बुटीबोरी, वेणा नदी, मग जाम आणि हिंगणघाट. हा कापसाचा मुलूख. जिनिंगमध्ये रुई वेगळी होते, सरकी गाळपाला जाते, तेल निघतं आणि ढेप गाईकडे येते. दुधाला तेल आणि प्रथिनं दोन्ही देणारी म्हणून सरकी ढेपेवर इथल्या गवळ्यांची श्रद्धाच आहे, आणि ती चुकीची नाही. पण ढेपेचा भाव कापसाच्या बाजाराशी बांधलेला आहे, आणि नेमक्या उन्हाळ्यात, चारा निकृष्ट असताना, मागणी चढते. शिवाय दूध तुटलं की ढेप वाढवायची ही सवय एका मर्यादेपुढे उलटते. धागेदार चारा कमी आणि खुराक जास्त झाला की पोटात आम्लता वाढते, रवंथ कमी होतं आणि दुधाचा फॅट उतरतो. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरला जातो, त्याखाली आलं की दर कापला जातो. ढेपेवर केलेला खर्च असा दुसऱ्या दारानं निघून जातो.

ढेपेला जोड आहे ती चुनीची, आणि त्यासाठी शहरातच फिरावं लागतं. नागपूर डाळमिलचं गाव आहे. कळमन्याच्या बाजार समितीत येणारी तूर, हरभरा या मिलमध्ये भरडली जाते. डाळीबरोबर जी तुकडा-टरफलं निघतात ती चुनी, पोत्यांत भरून शहराच्या सगळ्या कडांना जाते. ढेप आणि चुनी मिळून दिली तर खर्च आटोक्यात राहतो, हे मी चार कोठ्यांत ऐकलं आणि हिशोब घातल्यावर पटलं.

वर्धा रोडनं जामकडे न जाता वर्ध्याकडे वळलं की गोपुरी लागते. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीला, १९४१ मध्ये, गोसेवेचं काम हाती घेतलं आणि इथे झोपडीत राहायला आले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. गांधीजींच्या वर्तुळातला हा कापसाचा मोठा व्यापारी शेवटचे महिने गाईच्या चाऱ्या-पाण्याच्या आणि जातीच्या प्रश्नात बुडाला होता, याची आठवण वर्ध्याबाहेर फारशी ठेवली जात नाही.

तिसरा रस्ता पश्चिमेचा. अमरावती रोडनं कोंढाळी मागे टाकली की सपाटी संपते, टेकड्या सुरू होतात आणि वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे) येतं. हा गवळाऊ गाईचा प्रदेश. पांढरी, हलक्या हाडाची, लांब तोंडाची गाय. तिचे बैल वेगानं धावणारे म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्र १९४६ पासून आहे. या टेकड्यांवर नंदगवळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या गाई चारल्या. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं इथे वाढतात.

गवताचं एक गणित इथल्या म्हाताऱ्या गवळ्यांना पाठ आहे. फुलोऱ्यावर आलं की कापायचं, म्हणजे आश्विन-कार्तिकात. तेव्हा पात हिरवी असते आणि सावलीत वाळवलं तर वासही टिकतो. कुसळ धरलं की गवत संपलं. जानेवारीत उभं असलेलं पिवळं गवत दिसायला भरपूर, पण त्यातला कस निम्म्यावर आलेला असतो. “कार्तिकात आळस केला त वैशाखात गाय रडते,” एक बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे अकरा गवळाऊ होत्या. एक गाय दिवसाला चार-पाच लिटर देते, पण संकरित गाय जिथे दुपारी जीभ बाहेर काढून धापा टाकते तिथे ही पळसाच्या तुटपुंज्या सावलीत निवांत रवंथ करत बसलेली असते. तिचं वजन तीनशे किलोच्या आसपास, म्हणजे कोरडा चाराही सात-आठ किलोत भागतो.

मात्र तिची कुरणं आकसत गेली. बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. वाघाचं रक्षण व्हायलाच हवं; पण त्या टेकड्यांवर चरणाऱ्या गाईला दुसरं गवत कुठे, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. त्या बाईंचा मुलगा बुटीबोरीत कारखान्यात जातो. अकरा गाईंमागे हिंडायला घरात दुसरं कोणी नाही.

चौथा रस्ता शहराच्या आत, सेमिनरी हिल्सकडे जातो. तिथे १९५८ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं तेच केंद्र. तिथल्या एका तरुण डॉक्टरांशी मी बराच वेळ बोललो. उन्हाळ्यातल्या चाऱ्यावर त्यांचं पहिलं वाक्य पाण्याविषयी होतं. दहा लिटर दूध देणाऱ्या गाईला या उन्हात ऐंशी ते शंभर लिटर पाणी लागतं, आणि ते थंड, सावलीत, दिवसभर समोर हवं. बेसाच्या कोठ्यांत गाईला दोन वेळा बादलीनं पाणी दाखवतात. पाणी कमी पडलं की गाय आधी खाणं सोडते. दुसरं, खाण्याची वेळ. पचनात उष्णता निघते, म्हणून दिवसाचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्यावा, दुपारी गव्हाण हलकी ठेवावी. तिसरं, कुट्टी. लांब चारा टाकला तर चौथा हिस्सा तरी पायाखाली जातो, आणि कडबाकुट्टी यंत्रानं तो वाचतो. या तिन्हींसाठी चारा विकत घ्यावा लागत नाही.

“आणि मुरघास?” मी विचारलं.

त्यांनी कागद ओढून हिशोबच मांडला. दोन गाई, रोज पंधरा-पंधरा किलो, मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत शंभर दिवस, म्हणजे तीन टन. एक घनमीटर जागेत दाबून भरलेला मुरघास पाचशे-सहाशे किलो बसतो. म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा पुरे, किंवा तेवढ्याच मापाच्या प्लास्टिक पिशव्या. ‘आफ्रिकन टॉल’सारखा चाऱ्याचा मका एकरी सोळा ते वीस टन हिरवा उतरतो, तेव्हा तीन टनांना सात-आठ गुंठे लागतात. दाणा दुधातून चिकात जात असताना, पेरणीनंतर पंचाहत्तर-ऐंशी दिवसांनी कापायचा. तेव्हा त्यात पासष्ट-सत्तर टक्के पाणी असतं. दोन सेंटिमीटरची कुट्टी करायची, थराथरानं तुडवून हवा काढायची आणि बंद करायचं. आतले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, त्यात चारा टिकतो, आणि पंचेचाळीस दिवसांनी खायला तयार होतो. हवा राहिली तर बुरशी येते. बुरशीचा मुरघास फेकून द्यायचा, गाईला घालायचा नाही.

बोलता बोलता त्यांनी एक इशारा दिला, तो उन्हाळ्याच्या अखेरीचा. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर पहिल्या सरींवर फुटलेले तिचे धुमारे, हिरवे दिसले म्हणून गाय सोडली तर किराळ लागते. त्या कोवळ्या पात्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि गाय तासाभरातही दगावू शकते. महिनोन्‌महिने कुटारावर असलेली गाय हिरव्यावर तुटून पडते, त्यामुळे धोका वाढतो. ज्वारी फुलोऱ्यावर आल्यावर किंवा वाळवून घातली तर ही भीती उरत नाही.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पातून या भागात गेल्या काही वर्षांत गाई, खाद्य, चाऱ्याचं बियाणं, कडबाकुट्टी यंत्रं अशी मदत आली. आता दुसऱ्या टप्प्यात विदर्भ-मराठवाड्यातले एकोणीसही जिल्हे घेतले आहेत. माझ्या मते दुधाळ जनावर वाटण्याआधी त्याच्या एका उन्हाळ्याची वैरण कुठून येणार, हे त्या शेतकऱ्याबरोबर बसून लिहून काढलं पाहिजे. संकरित गाय कर्जानं मिळते. तिचा वैशाख कर्जानं निघत नाही.

परतताना काकाजींच्या कोठ्यात पुन्हा डोकावलो आणि डॉक्टरांचा कागद दाखवला. बेसात त्यांच्याकडे आता घर आणि कोठाच आहे, पण शंकरपूरच्या बाजूला भावकीतलं अडीच एकर वावर ते बटईनं करतात, सगळं सोयाबीन. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला. पहिला प्रश्न पैशाचा निघाला: आठ गुंठ्यांतलं सोयाबीन गेलं तर किती गेलं? आम्ही दोघांनी मिळून एकरी उताऱ्यावरून काढलं आणि ते उन्हाळ्यात विकत घेतलेल्या तणस-कुटाराच्या खर्चाशेजारी लिहिलं. मका स्वस्त पडत होता. दुसरा प्रश्न मात्र मला सुचला नव्हता. मका तोडणीला येतो तो सप्टेंबरात, परतीच्या पावसात. ओला भरला तर सडेल, थांबला तर वाळेल. मग त्यांनीच उत्तर काढलं: पावसाळ्यात मका नकोच, ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की त्याच जागी विहिरीच्या पाण्यावर नोव्हेंबरात पेरायचा. फेब्रुवारीत आभाळ कोरडं असतं तेव्हा भरायचा आणि एप्रिल लागताना उघडायचा. मार्चचा एक महिना नेपियरवर काढायचा. सोयाबीनही जात नाही.

“अन् धुऱ्यानं दोन-दोन ओळी उंच ज्वारी टाकतो,” ते म्हणाले. “पाखरं खातीन दाणा. कडबा तं आपला न.”